बेबीनंदाचं करकरीत पान

हसनाबादच्या शिवारात बेबीनंदाच्या तोंडी लागायचं नाही, हे शेंबडं पोरगंही सांगेल. बाई वाईट नाही हो. कुणाच्या घरी दुखणंखुपणं निघालं तर न बोलावता दारात उभी राहणारी. पण तोंड म्हणाल तर बाप रे! बाजारात एकदा एका व्यापाऱ्यानं तिच्या मेथीला शिळी म्हटलं. तिनं त्याच्यासमोरच मूठभर मेथी कचाकचा चावून खाल्ली आणि म्हणाली, "आता तुमच्या डब्यातली भाकर काढा, तीबी खाऊन सांगते ताजी हाय का शिळी." तो व्यापारी अजूनही तिला लांबूनच रामराम घालतो. तर अशा या बेबीनंदानं लेटूसचं पान आठवडाभर टवटवीत ठेवून दाखवलं, त्याची ही हकिकत. त्याआधी तिनं किती पान नासवलं तेही सांगायलाच हवं. ती स्वतःच ते सगळ्यांना हसून सांगते, मग आपण कशाला झाकायचं?

घरात माणसं मोजकीच. नवरा धर्मराज रेशमाच्या अळ्या पाळतो. अळ्यांशी जेवढं बोलतो तेवढं माणसांशी बोलत नाही. धाकटा दीर कल्याण बाहेरचं सगळं बघतो: बँक, बाजार, कंपनीची माणसं. लेक तृप्ती वाटूरला दिली आहे. विहिरीजवळ हिरव्या जाळीचं एक शेडनेट आहे आणि त्यात वर्षानुवर्षं बियाणं कंपनीचा सीड प्लॉट असायचा, नुसतं बियाण्यासाठीचं पीक. मिरचीच्या एकेका फुलाला हातानं पराग लावायचे, मान मोडेस्तोवर. हे काम बायांचं. बेबीनंदानं त्यात अर्धं आयुष्य घातलं. पण नेटात काय लावायचं, कधी लावायचं, कुणाला शब्द द्यायचा, हे ठरवायचा कल्याण. तिनं कधी मध्ये तोंड घातलंच तर तो हसून म्हणायचा, "वहिनी, तुमी चहा टाका, पाव्हणे खोळंबले." जिचं तोंड गावभर चालायचं, तिचं स्वतःच्या शेतात काही चालत नव्हतं. हे तिला फार लागायचं.

गेल्या पावसाळ्यात धर्मराज कोष विकायला जालन्याला निघाला, तेव्हा तीही सोबत गेली. कोष विकले, भूक लागली, तर समोर आसिफाचं दुकान. आसिफा म्हणजे जालन्याचीच एक हुशार पोरगी. हॉटेलचा कोर्स करून आली आणि बर्गर-सँडविचचं दुकान टाकून बसली. बेबीनंदानं सँडविच उघडून बघितलं. ही तिची सवयच, कुणाच्या घरची पुरणपोळीसुद्धा ती आधी उघडून बघते. आतून एक लोळागोळा झालेलं हिरवं पान निघालं.

"काय गं पोरी, हे फडकं काहून घातलं आत?"

दुसरी कुणी असती तर चिडली असती. आसिफा हसली. "मावशी, ये लेटूस है. पुण्यावरून बसमध्ये येतं. इथं येईपर्यंत त्याचा जीव जातो. आधा तो मैं फेकून देते."

"अन् ते करकरीत असलं म्हंजे कसं लागतं?"

आसिफानं आतून एक गड्डा आणला, बाहेरची पानं काढून टाकली आणि गाभ्यातलं एक पान तिच्या हातात दिलं. बेबीनंदानं ते मोडलं. कर्रकन आवाज झाला. बस्स! तिथंच तिचं ठरलं. "मी लावते. पुण्याचं बंद कर," ती म्हणाली. धर्मराजनं नुसतं तिच्याकडं बघितलं. तो बिचारा अजून पहिलाच घास चावत होता.

घरी येऊन तिनं अर्धं शेडनेट मागितलं आणि अंगणात रणकंदन झालं. कल्याण म्हणाला, "शेळ्याचा पाला लावून राह्यल्या का वहिनी नेटात? लोक हसतील." ती मागं हटेना. शेवटी त्यानं सगळ्यांसमोर अट घातली: "कार्तिक सरेपर्यंत अर्धं नेट तुमचं. तवर त्या पोरीनं पक्कं गिऱ्हाईक म्हणून शब्द दिला तर बराबर. न्हाई तर अख्खं नेट परत कंपनीला, अन् मंग शेतात काय लावायचं हे तुमी पुन्हा कधी काढायचं न्हाई."

"कबूल," बेबीनंदा म्हणाली. म्हणून टाकलं खरं, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

गणपतीत रोपं लावली आणि दसऱ्याच्या सुमाराला नेट असं काही हिरवंगार झालं की येणारा-जाणारा वाकून बघायचा. पहिली कापणी तिनं मेथी-कोथिंबिरीची करतात तशीच केली. आपल्याकडं पालेभाजी म्हटली की पाणी मारायचंच, ही रीत. दुपारी सवडीनं कापलं, हौदात बुचकळून काढलं, वरून आणखी शिपका मारला, प्लास्टिकच्या पिशव्यांत गच्च कोंबलं आणि तोंडाला गाठ. काय तो थाट! दुधाच्या गाडीनं माल जालन्याला गेला.

दुसऱ्याच दिवशी आसिफाचा फोन. "मावशी, ये क्या भेजे तुम? पाला नै है ये, शेवाळ है शेवाळ! पिशवी खोली तो हाथ को चिकटलं."

कल्याण तिथंच खाटेवर बसला होता. तो पोट धरून हसला. "म्हन्लो न्हवतो? आता शेळ्याबी खायच्या न्हाईत."

बेबीनंदाला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. ती तडक उठली आणि धर्मराजच्या रेशीम शेडमध्ये जाऊन उभी राहिली. तिथं कुणी आरडाओरडा करत नाही, अळ्यांना चालत नाही म्हणे. धर्मराज तुतीचा पाला अळ्यांवर पसरत होता. सकाळी कापलेला पाला, दिवस कलला तरी जसाच्या तसा.

आता गंमत बघा. हा पाला तीच तर रोज कापायची! दिवस उगवायच्या आत कापायचा, पान गार असताना. उन्हात क्षणभर ठेवायचा नाही. आणि पानाला पाण्याचा थेंब लावायचा नाही, कारण ओलं पान खाल्लं की अळी आजारी पडते. पाला सैल रचायचा, भोवतीनं ओलं गोणपाट टांगायचं; गारवा पानाला, पाणी गोणपाटाला. इतकी वर्षं हातानं केलेलं काम, पण ते अळ्यांचं काम म्हणून डोक्यात वेगळ्या कप्प्यात पडलेलं. बेबीनंदानं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, अळीला चांगलं पान घालते अन् माणसाला कुजकं पाठवते! माझ्यासारखी येडी मीच."

धर्मराज म्हणाला, "हळू बोल."

दुसऱ्या खेपेला झुंजूमुंजू व्हायच्या वेळी ती नेटात होती. धारदार विळ्यानं एका घावात गड्डा कापायचा, चेंगरायचा नाही. बाहेरची दोन पानं तशीच ठेवायची, आतल्यांना पांघरूण म्हणून. धुवायचं बिलकुल नाही. प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये सैल रचून सगळं आतल्या खोलीत. ही खोली मातीच्या जाड भिंतींची, तिच्यात वैशाखातही ऊन शिरत नाही. कॅरेटभोवती ओली गोणपाटं टांगली. दिवसभर पान तिथं गार व्हायचं आणि संध्याकाळच्या दुधाच्या गाडीनं निघायचं.

आसिफानं फोनवरून दुवा दिल्या. पान गाडीतून उतरलं तेव्हा हातात मोडत होतं. बेबीनंदा दोन दिवस अंगणात नाचायचीच बाकी होती. पण आसिफाला पान आठवडाभर फ्रिजमध्ये टिकायला हवं होतं, आणि चार दिवस गेले तोच तिनं फोटो पाठवला. पानाच्या मधल्या शिरेवर तांबूस ठिपके, गंज चढल्यासारखे. पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.

"तुझं फ्रिज नासकं हाय," बेबीनंदा म्हणाली.

"मावशी, फ्रिज नवा कोरा है! तुम्हारा पान ही बीमार है."

"माझं पान बीमार? माझ्या घरून निघतंय तवा आरशासारखं असतं. तुझ्याकडं आलं की मरतं. काय खाऊ घालती त्याला?"

दोघी फोनवर अशा भांडल्या की शेजारची कुत्री भुंकायला लागली. कल्याणनं आपलं निदान सांगितलं: रोग आहे, औषध मारा. बेबीनंदानं ते उडवून लावलं. कच्चं खायचं पान, त्याच्यावर औषध मारून लोकांच्या लेकरांना खाऊ घालू? त्यापेक्षा हरलेलं बरं. पण हरणं आता खरंच दारात येऊन उभं होतं. आसिफानं साफ सांगितलं होतं, "तुळशीच्या लग्नानंतर जालन्यात एक बडी शादी है, सलाडचा काउंटर माझा है. इस बार ठिपका आला तो मैं पुण्याचं चालू करती. नाराज नको होऊ." आणि तिकडं कल्याणनं कंपनीच्या माणसाला निरोपही धाडला होता की नेट मोकळं होऊन राह्यलं, येऊन बघून जा.

दिवाळी झाली तशी बेबीनंदा एसटीत बसून जालन्याला गेली. कशाला? तर फ्रिजला गुन्ह्यात रंगेहाथ पकडायला! आसिफा कमरेवर हात ठेवून उभी आणि ही फ्रिजमध्ये डोकं घालून. कप्पे पुसून बघितले, वास घेतला, दार चारदा लावून-उघडून बघितलं. गुन्हा काही सापडेना. फ्रिज बिचारं स्वच्छ होतं. वरच्या कॅरेटातल्या पानांवर मात्र ठिपकेच ठिपके.

मग तिनं खालचं कॅरेट ओढलं. त्यातलं पान स्वच्छ, करकरीत, एक डाग नाही. "हे आज आणलं का पुण्याचं?"

"नै मावशी. ये भी तुम्हाराच है. ये तो ऊपरवाले के पहले का है, दिवाळीच्या आधीचं."

बेबीनंदानं दोन्ही कॅरेटं शेजारी शेजारी ठेवली. जुनं पान चांगलं आणि नवं खराब? एकाच फ्रिजमध्ये? म्हणजे फ्रिज सुटलं. दोष घरातच होता. दिवाळीच्या आधीच्या त्या दिवशी आपण वेगळं काय केलं होतं? एसटीत परत येताना तिचं तेच चाललं होतं. बाजूच्या बाईनं तिला दोनदा विचारलं, "अवं, बरं न्हाई का?" बेबीनंदा एसटीत गप्प बसली, ही बातमी तिच्या आधी गावात पोहोचली म्हणतात.

घरी येईपर्यंत तिला आठवलं. त्या दिवशी आतल्या खोलीला दिवाळीचा चुना दिला होता. भिंती ओल्या, म्हणून खोलीतलं सगळं सामान ओसरीवर काढलेलं, आणि लेटूसची कॅरेटं, धर्मराजच्या विनवण्या करून, तेवढा एक दिवस रेशीम शेडमधल्या तुतीचा पाला ठेवायच्या खोलीत ठेवलेली. चुना वाळल्यावर सगळं पुन्हा होतं तिथं गेलं. पण मग त्या खोलीत असं आहे तरी काय? ती दारात उभी राहून बघू लागली. धान्याची कोठी. देवाची जुनी पेटी. खुंटीला कच्च्या केळ्यांचा फणा. आणि कोपऱ्यात गव्हाच्या भुशात पिकत घातलेली सीताफळं.

ही सीताफळं म्हणजे बेबीनंदाचा जीव. बांधावरच्या झाडांची. फळाचे डोळे उघडले, खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या झाल्या, की ती स्वतः उतरवते, भुशात घालते, वरून गोणपाट पांघरते, आणि पिकली की टोपली वाटूरला, लेकीच्या सासरी. तृप्तीच्या सासरची सगळी आळी त्या टोपलीची वाट बघते. दसऱ्यापासून एक अढी निघाली की दुसरी, असं चालूच असतं. गार, अंधारी जागा घरात एकच, म्हणून सीताफळंही तिथं आणि लेटूसही तिथं, हाताच्या अंतरावर.

तिनं भुशात हात घातला. कालपरवा ठेवलेलं फळ, दगडासारखं होतं, ते बोटाखाली दबलं. इतक्या लवकर? शेजारी पिकलेली होती ना! एक पिकलं की बाकीच्यांना घाई करतं, हे आपल्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. तिनं वर बघितलं. खुंटीवरचा केळ्यांचा फणा भाजीसाठी आणलेला, कुणी पिकत घातलेला नव्हता, तोही पिवळा झाला होता. भुशात नाही, गोणपाटाखाली नाही, नुसता त्या वासात टांगलेला. केळ्याला घाई झाली ते पिकलं. पानाला घाई झाली तर पान काय करणार? पान काही पिकत नाही. पान म्हातारं होतं.

"अगं माय माय माय!" ती एवढ्यानं ओरडली की कल्याणला वाटलं साप निघाला. तो काठी घेऊन धावत आला. बेबीनंदा भुशात बसून हसत होती.

तिनं तिथूनच आसिफाला फोन लावला. "पोरी, तुझ्या फ्रिजची माफी मागते. मी पान सीताफळांच्या शेजारी ठेवून राह्यले होते."

पलीकडं आसिफा किंचाळली, "या अल्ला! मावशी, सेब-केळे के पास पत्ते नको रखो, पिकणारे फल में से गॅस निकलती, हे तो आमच्या क्लासमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवले थे! लेकिन तुम बोले कब, घर में फळं है?"

"तू विचारलं कवा?"

"तुम फ्रिज को गाली देने से रुकते, तो मैं पूछती!"

दोघी हसून हसून दमल्या. एकीला गॅस माहीत, दुसरीला सीताफळं माहीत, आणि दोघींनी भांडणात एवढे दिवस घालवले.

पण नुसत्या हसण्यावर शादीचा काउंटर सोपवता येत नाही, हे बेबीनंदालाही कळत होतं. तिनं एकाच वाफ्यातलं, एकाच वेळी कापलेलं पान दोन कॅरेटांत घातलं. एक मुद्दाम सीताफळांजवळ. दुसरं कुठं ठेवायचं, असा विचार करत ती अंगणात उभी होती, तर धर्मराज शेडमधून बाहेर आला. पाल्याच्या खोलीत अळ्यांच्या पाल्याशिवाय कशालाही जागा नाही, बायकोलाही चप्पल काढल्याशिवाय आत सोडत नाही, असा तो माणूस. त्यानं तिच्या हातातलं कॅरेट उचललं आणि म्हणाला, "अर्धी खोली मोकळी केली. आजपासून तुझं पान इथं." एवढंच बोलून तो आत गेला. बेबीनंदाला त्या क्षणी नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की ती त्याच्यामागं जाऊन मोठ्यानं काहीतरी बोलणार होती. मग अळ्या आठवल्या आणि तिनं तोंडावर पदर धरला.

दोन्ही कॅरेटं आसिफाच्या फ्रिजमध्ये शेजारी शेजारी राहिली. सीताफळांकडच्याला चार दिवसांत गंज चढला. रेशीम शेडमधल्याला आठवडा झाला तरी काही नाही. तो फोटो आला तेव्हा बेबीनंदानं तो आधी स्वतः तीनदा बघितला, मग गल्लीत फिरून प्रत्येकाला दाखवला. ज्यांना लेटूस म्हणजे काय ते माहीत नव्हतं त्यांनीही "वा वा" म्हटलं. नाही म्हणून कुठं जाणार?

तुळशीचं लग्न लागलं आणि जालन्यातल्या त्या लग्नाचा दिवस आला. आसिफानं आठवड्यापासून पान भरून ठेवलं होतं, शेवटची कॅरेटं आदल्या दिवशी पोचवायला कल्याणच गाडी घेऊन गेला होता. लग्नाला बेबीनंदालाही बोलावणं होतं, आणि घरची गाडी म्हणून कल्याणही सोबत. मांडवात सलाडच्या काउंटरवर बर्फावर रचलेली ती हिरवी पानं बघून बेबीनंदा जागची हलेना. बायका भरजरी शालूत पान उचलत होत्या, मोडत होत्या, आणि प्रत्येकीच्या हातात तोच आवाज, कर्रकन. एका म्हाताऱ्यानं कवळी सांभाळत दुसऱ्यांदा घेतलं. ती त्याला म्हणाली, "घ्या बाबा, आणखी घ्या, माझ्या शेतातलं हाय." म्हातारा बुचकळ्यात पडला, पण घेतलं त्यानं.

कल्याणनंही एक पान तोंडात टाकलं. चावलं. पुन्हा एक टाकलं. "हे काल मी आणलं ते ना?"

"नै भाई," आसिफा म्हणाली, "तुमने लाया वो अभी खोलाच नै. ये पिछले हफ्ते का है." आणि बेबीनंदाकडं वळून म्हणाली, "मावशी, आता पुण्याचं बंद. सालभर तुम्हाराच पान. मेरा शब्द है."

बेबीनंदानं तिला मांडवातच मिठी मारली. कल्याण हातातल्या पानाकडं बघत उभा राहिला. परत येताना गाडीत बेबीनंदानं त्याला टोचलं नाही. खरं सांगायचं तर जिभेवर आलं होतं, पण आनंदच इतका होता की टोचायला सवड नव्हती.

दोन दिवसांनी कंपनीचा माणूस मोटारसायकलवरून आला. बेबीनंदा नेटात वाफ्यावर वाकलेली, पदर खोचलेला, हात मातीनं भरलेले. कल्याण दाराशी पाइप जोडत होता. कंपनीचा माणूस नेहमीसारखा तिच्यावरून नजर फिरवून सरळ त्याच्याकडं गेला. "काय कल्याणराव, नेट मोकळं झालं ना? मंग या खेपेला मिरची लावायची का टोमॅटो?"

कल्याणनं पाइपवरून डोकं वर काढलं नाही. "मला काय विचारता?" तो म्हणाला. "नेटाचं वहिनीला विचारा."

माणूस चमकून इकडंतिकडं बघायला लागला. कुठली वहिनी, कोण वहिनी. इतकी वर्षं त्या नेटात तिच्या हातच्या मिरचीचं बी त्यानं मोजून नेलं होतं, पण तिचं नाव त्याला ठाऊक नव्हतं.

बेबीनंदा उठली. पदराला हात पुसले. दोन वाफ्यांच्या मधून चालत ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी बेबीनंदा. बसा. उरलेल्या अर्ध्या नेटात काय लावायचं ते बोलू."